विसावं काडतूस

आमच्या घरात दोन वजनकाटे होते. एक आईचा, स्वयंपाकघरात, ज्यावर ती चकलीची भाजणी मोजायची. दुसरा बाबांचा, गॅरेजमध्ये, काचेच्या पेटीतला, ज्याच्यासमोर जरा जोरात श्वास सोडला तरी आकडा हलायचा. पहिल्याला हात लावण्याआधी हात धुवायचे. दुसऱ्याला हात लावण्याआधी तोंड बंद करायचं. मी दोन्ही नियम कागदावर लिहून आपापल्या जागी चिकटवले होते, कारण नियम लिहिणं आणि चिकटवणं हे त्या घरातलं माझं काम होतं. आजही ब्रॅकनेलच्या ऑफिसात लोक मला माझ्या याद्यांवरून चिडवतात. मीही हसते. एका नीटनेटक्या यादीने मी माझ्या बाबांचा जीव जवळजवळ घेतला होता, हे त्यांना सांगत नाही. ते इथे एकदाच, क्रमाने लिहून ठेवते.

कार्डिफच्या उत्तरेला, जिथे रस्ता चढायला लागतो, तिथे आमचं घर होतं. मी एकोणीस वर्षांची, घरी राहून युनिव्हर्सिटीत जाणारी. आई एका शाळेच्या ऑफिसात होती. बाबा हॉस्पिटलमधली उपकरणं दुरुस्त करायचे. त्याआधी पुण्यात दहा वर्षं लेथवर उभे होते आणि तिथेच त्यांच्या कानांतून बारीक आवाज निघून गेले होते. माणसाचं बोलणं त्यांना व्यवस्थित कळायचं, पण कुकरची शिट्टी, पाखरं, चमचा कपावर आपटल्याचा आवाज, हे सगळं त्यांच्यापुरतं बंद झालं होतं. आई कामात असली की बाबांना गॅसजवळ उभं करायची आणि प्रत्येक शिट्टीला आतल्या खोलीतून ओरडायची, "अहो, दोन झाल्या!" बाबा तिथेच कुकरशेजारी उभे असायचे आणि दोन खोल्यांपलीकडच्या आईकडून त्यांना शिट्टी कळायची. आम्हाला यात काही विचित्र वाटत नसे.

बाबांना शिकारीचा नाद लावला तो ग्लिनने. हा म्हातारा मेंढपाळ घरापासून दोन तासांवर, डोंगरात राहायचा. हॉस्पिटलात कसल्याशा तपासणीला आला असताना बाबांनी त्याचं बंद पडलेलं घड्याळ तिथल्या तिथे चालू करून दिलं, आणि तेव्हापासून तो त्यांना 'डॉक्टर' म्हणायचा. आपण डॉक्टर नाही हे बाबांनी त्याला अनेकदा सांगितलं होतं. "हॉस्पिटलात जातोस ना रोज?" ग्लिन म्हणायचा. "मग झालं." त्याच्या भागात हरणं फार वाढली होती, कोवळी झाडं जगू देत नव्हती, दर हिवाळ्यात ठरावीक माद्या माराव्या लागत. खांदा दुखायला लागल्यावर ग्लिनने आपली मोठी मॅग्नम रायफल बाबांना विकली आणि स्वतः एक लहान ठेवली. बाबांपाठोपाठ मीही परवाना काढला. चौकशीला आलेल्या पोलीस ऑफिसरला आईने इतके शंकरपाळे खायला घातले, की रायफली ठेवायचं लोखंडी कपाट तपासायचं आहे याची आठवण शेवटी मीच त्यांना करून दिली. ते कामही माझ्या यादीत होतं.

हरणाचं मांस मात्र आईच्या स्वयंपाकघरात येत नसे. बाबा ते गॅरेजमध्ये, कॅम्पिंगच्या शेगडीवर शिजवायचे. कांदा-खोबऱ्याचं वाटण आई करून द्यायची आणि दारातूनच पुढे करायची. भाकरीही तीच द्यायची, पण उंबऱ्याच्या आत उभी राहून. आम्ही दोघं उलट्या ठेवलेल्या खोक्यांवर बसून जेवायचो आणि आई दारात उभी राहून, "मीठ बरोबर आहे का?" असं विचारायची.

तांब्याची गोष्ट एका घारीपासून सुरू झाली. त्या डोंगरांवर तांबूस रंगाच्या, दुभंगलेल्या शेपटीच्या घारी सतत फिरत असतात. मान वर केली की एखादी दिसतेच. त्या सकाळी मात्र घार ग्लिनच्या गोठ्यामागे, जमिनीवर होती. पंख अर्धवट पसरून, एखादं माणूस कोपरांवर रेलून बसतं तशी. आम्ही अगदी जवळ गेलो तरी ती हलली नाही. मानही वळवली नाही. फक्त पिवळा डोळा आमच्याबरोबर फिरत राहिला, आधी ग्लिनवर, मग बाबांवर, मग माझ्यावर, आणि माझ्यावर थांबला. ग्लिनने तिला कोटात गुंडाळून प्राण्यांच्या डॉक्टरकडे नेलं. एक्स-रेमध्ये तिच्या पोटात मोहरीएवढे पांढरे ठिपके होते. शिसं. शिशाची गोळी हरणात शिरली की फुटते, तिचे कण आतड्यांत पसरतात. आतडी आम्ही डोंगरावर टाकून यायचो आणि घारी ती खायच्या. तिसऱ्या दिवशी ती मेली. ग्लिनने तिला पुरताना मी तिथेच होते. तो डोळा मिटलेला नव्हता.

"माझ्याच हरणाने मारलं तिला," ग्लिन म्हणाला. "आजपासून माझ्या जमिनीवर शिसं नाही. तू तुझं बघ, डॉक्टर."

आता सगळेच तांब्याकडे वळताहेत. तेव्हा आमच्या ओळखीत असं करणारे हे दोघंच. बाबांनी तीन प्रकारच्या तांब्याच्या गोळ्या आणल्या. नुसतं तांबं, वर कसलं आवरण नाही की आत शिसं नाही. टोकाला बारीक भोक. हरणात शिरल्यावर त्या भोकापासून टोक उघडतं आणि चार पाकळ्या मागे वळतात, पण तुकडे होत नाहीत. आईने एक गोळी उचलून दिव्यापाशी धरली. "ताम्हणासारखाच रंग आहे हो," ती म्हणाली आणि चटकन खाली ठेवून हात धुवायला गेली.

गोळी आपण निवडत नाही, नळी निवडते, असं बाबा म्हणायचे. प्रत्येक प्रकारची काडतुसं घरीच, गॅरेजमध्ये थोडी थोडी भरायची, रेंजवर जाऊन कागदावर झाडायची आणि कोणत्या गोळ्यांची भोकं एकमेकांना चिकटून पडतात ते पाहायचं. आमच्या नळीला नेमकी जुन्या शिशाच्या गोळीच्याच वजनाची गोळी आवडली. बाबांनी दोन्ही गोळ्या टेबलावर शेजारी उभ्या केल्या.

"वजन तेच आहे. फरक काय दिसतो?"

"तांब्याची उंच आहे."

"तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाला लांबी जास्त. मग काडतुसाच्या पितळी पुंगळीत ती जास्त आत जाणार. पावडरला जागा उरणार कमी. म्हणजे?"

"दाब वाढणार."

"म्हणून पावडर?"

"कमी घालायची."

"शाब्बास. हे विसरलीस तर रायफलचा बोल्ट माझ्या डोळ्यातून मागे जाईल," असं म्हणून ते हसले. बाबांच्या वहीत पावडरच्या प्रत्येक मापाची एक ओळ असायची आणि ओळीच्या सुरुवातीला त्यांच्या तिरप्या अक्षरात 'शि' नाहीतर 'तां'.

काडतुसं रविवारी दुपारी भरायची. मी वहीतलं माप वाचायचे, बाबा ते परत म्हणून दाखवायचे, आणि त्यानंतर शेवटचं काडतूस होईपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही. कधी काळी बोलण्याच्या नादात एक पुंगळी पावडरशिवायच बंद झाली होती, तेव्हापासूनचा हा नियम. बाबा पावडर तोलून पुंगळीत ओतायचे. मी गोळी तोंडावर उभी करून ती आत बसवणाऱ्या प्रेसचा दांडा खाली दाबायचे आणि यादीतल्या चौकटीत खूण करायचे. त्या दुपारी गॅरेजमध्ये जी शांतता असायची तशी मला पुन्हा कुठे भेटली नाही. दिव्याखाली वीस पितळी पुंगळ्या तोंडं वर करून, उघड्या. बाबांचे ओठ हलताहेत, आवाज नाही. कधीकधी मला वाटायचं, की त्यांना जे जग रोज ऐकू येतं त्यात मी तेवढ्यापुरती जाऊन बसले आहे.

तांब्याच्या गोळ्या सहसा हरणातून आरपार जातात. पहिल्या मादीत मात्र एक अडकली, पलीकडच्या कातडीखाली. सोलताना बाबांच्या बोटांना लागली. पूर्ण उघडलेली, चार पाकळ्यांची, गुळगुळीत. त्यांनी ती धुतली, मला दाखवली, पँटच्या खिशात टाकली आणि विसरून गेले. दोन दिवसांनी मी सकाळी देव्हाऱ्यासमोरून जात होते. बाळकृष्णाच्या शेजारी, ताम्हणाच्या काठाला टेकून ते फूल ठेवलेलं होतं, हळदकुंकू लावून. कपडे धुताना आईला खिशात सापडलं असणार. पूजेतलंच काहीतरी तांब्याचं आहे, असं समजून तिने ते जागेवर ठेवलं, असा आमचा तर्क.

"बाबा, तुम्ही सांगा तिला," मी गॅरेजमध्ये कुजबुजले.

"मी? तू सांग. तू यादी कर आणि त्यात लिही."

आम्ही कोणीच सांगितलं नाही. दर शनिवारी आई चिंचेने ताम्हण घासायची, तेव्हा ते फूलही घासायची. ज्या वस्तूने एक जीव घेतला ती आमच्या घरात रोज सकाळी अंघोळ करून कुंकू लावून घेत होती. संध्याकाळी दिवा लागला की तिच्या पाकळ्यांची सावली मागच्या भिंतीवर पडायची, फुलापेक्षा बरीच मोठी. मी त्या भिंतीकडे बघायचं टाळायला लागले.

चूक मी नाताळच्या सुट्टीत केली. बाबांची वही मळकट झाली होती, म्हणून मी सगळी मापं टाइप केली, गोळीच्या वजनाप्रमाणे क्रम लावला, कार्डं छापली आणि लॅमिनेट केली. ते करताना 'शि' आणि 'तां' हा रकाना मी गाळला. आता सगळं तांबंच आहे, तर रकाना कशाला? एकाच वजनाच्या दोन ओळी आल्या तेव्हा मला वाटलं, बाबांनी चुकून तीच ओळ दोनदा लिहिली. मी वरची ठेवली. वरची शिशाची होती.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही वीस काडतुसं भरली. मी माप वाचलं. बाबांनी कार्डाकडे पाहिलं, क्षणभर थांबले, मग परत म्हणून दाखवलं. छापलेल्या अक्षरावर त्यांचा फार विश्वास. मी पहिली गोळी ठेवली आणि दांडा खाली दाबला. अगदी शेवटाला, हाताला आणि कानाला एकदमच, एक बारीक आवाज आला. कर्र. गोठलेल्या गवतावर कोणीतरी हलकेच पाऊल ठेवावं तसा. मी मान वर केली. बाबा काट्याकडे बघत होते. त्यांना हा आवाज ऐकू येणं शक्यच नव्हतं. समोर भिंतीवर माझ्याच अक्षरात कागद होता: बोलायचं नाही. मी चौकटीत खूण केली. पुढची गोळी ठेवली. कर्र. वीस वेळा ऐकलं, वीस खुणा केल्या. शेवटचं काडतूस झाल्यावर तोंड उघडायला हरकत नव्हती, पण तेवढ्यात आईने जेवायला हाक मारली, आणि वीस खुणा इतक्या सरळ रेषेत आल्या होत्या, की त्यात काही चुकलं असेल असं वाटेना.

दुसऱ्या दिवशी बाबा ती काडतुसं घेऊन उजाडता उजाडता ग्लिनकडे गेले. मी सकाळी गॅरेज आवरत होते. जमिनीवर पावडरचे चार दाणे पडले होते, त्यावर माझी चप्पल पडली. कर्र. मी तिथेच थांबले. काल गोळीखाली पावडरच चिरडत होती. मग वही काढली. पान सापडलं. वरची ओळ: शि.

बाबांचा मोबाइल त्या डोंगरात लागत नसे. ग्लिनच्या घरचा फोन नुसता वाजत राहिला. मी स्वयंपाकघरात गेले तेव्हा आईची पूजा नुकतीच झाली होती आणि कुकर लावलेला होता. मी काय सांगितलं ते आठवत नाही. रायफल फुटेल, एवढं बहुतेक सांगितलं असावं. आईने गॅस बंद केला.

"गाडी काढ," ती म्हणाली.

आई त्या डोंगरावर कधी गेली नव्हती. दोन तास ती माझ्या शेजारी उजवी मूठ मांडीवर घट्ट आवळून बसली होती. मी एकदा विचारलं, हातात काय आहे? ती म्हणाली, "समोर बघ." शेवटची काही मैलं दाट धुकं होतं. ग्लिनच्या अंगणात त्याचा कुत्रा फाटकाच्या आत बसला होता, एरवी जीव तोडून भुंकणारा. त्या दिवशी भुंकला नाही, उठलाही नाही. त्याची नजर आमच्या पलीकडे होती. आईने चपला काढून दाराशी ठेवलेले ग्लिनचे गमबूट घातले आणि माझ्या पुढे चालायला लागली. वाट तिला ठाऊक नव्हती. तरी कुंपण संपतं तिथे डावीकडे वळायचं, ते ती न विचारता वळली. धुक्यात कुठेतरी एक मेंढी खोकली, अगदी माणसासारखी, आणि आम्ही दोघी थांबलो. डोक्यावर घारी होत्या. दिसत नव्हत्या, त्यांची ती लांबत जाणारी, थरथरती शीळ ऐकू येत होती, एकीची, मग दुसरीची, आमच्याबरोबर वर सरकत.

तेवढ्यात बार झाला.

धुक्यात आवाजाला दिशा नसते. तो सगळीकडून आला आणि मग सगळीकडेच नाहीसा झाला. मोठ्या रायफलचा की लहान, हे मला ओळखता यायला हवं होतं, आलं नाही. आई माझ्याकडे वळली. तिचा चेहरा अगदी कोरा होता. "चल," ती म्हणाली. मी पावलं मोजायला लागले, कारण दुसरं काय करायचं ते मला माहीत नव्हतं. दोनशे अकराव्या पावलाला ग्लिन दिसला, हातात त्याची लहान रायफल, पायाशी पडलेली मादी. त्याच्या मागे, थोडं वर, एका दगडाला टेकून बाबा बसले होते, पाठ आमच्याकडे.

"बाबा!"

ते हलले नाहीत. मी पुन्हा हाक मारली. माणसाचं बोलणं त्यांना ऐकू येतं, हे मला माहीत होतं. वळसा घालून त्यांच्यासमोर जायला जी चार पावलं लागली ती मी आजही कधीकधी चालते.

त्यांचा चेहरा जसाच्या तसा होता. दोन्ही डोळे. मोठी रायफल बाजूला, बोल्ट उघडा. बाबा एक काडतूस कानाशी धरून हळूहळू हलवत होते.

"खुळखुळत नाहीये," ते म्हणाले. आम्ही इथे कशा, असं त्यांनी विचारलंही नाही. "जागा असली की पावडर आत खुळखुळते, हाताला कळतं. हे गच्च आहे. बोल्ट लागत नव्हता. गोळी थोडी वर सरकली असणार, आतल्या पावडरने ढकललेली. मला वाटलं, कचरा अडकलाय. तळव्याने रेटला. समोर मादी उभी होती, हलत नव्हती. आणि मला ऐकू आलं."

"काय?"

"कर्र असं. कानात नाही. दातांत." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "किती वर्षांनी असं काही ऐकलं गं मी."

मी रडत रडत सगळं सांगितलं: रकाना, कार्ड, वरची ओळ.

"भरताना तुला हाताला जाणवलं असेल की. ऐकूही आलं असेल."

"वीस वेळा."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलायचं नाही, असा नियम आहे."

बाबांनी ते काडतूस जॅकेटच्या खिशात टाकून चेन लावली. ग्लिनला आमची भाषा कळत नव्हती, तो आईच्या पायांकडे बघत म्हणाला, "मिसेस डॉक्टर, ते माझे चांगले बूट आहेत." कोणी हसलं नाही. आई बाबांसमोर उकिडवी बसली.

"नियम कोणाचा?"

"माझा," बाबा म्हणाले.

"घरी गेल्यावर तो कागद काढायचा," आई म्हणाली. मग तिने मूठ उघडली. तळहातावर ते फूल होतं, पाकळ्यांच्या चार खोल खुणा उमटलेल्या.

परत येताना बाबा मागे झोपले होते. ग्लिन म्हणाला होता की त्यांची गाडी उद्या तो घेऊन येईल. मी आईला म्हटलं, "आई, ते फूल पूजेतलं नाहीये."

"मला माहीत आहे ते काय आहे. कपडे मी धुते. खिशात रक्त होतं."

"मग देव्हाऱ्यात का ठेवलंस?"

"एका जिवातून निघालेली वस्तू," आई म्हणाली. "कुठे ठेवायची मग, काट्या-चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये?"

त्या संध्याकाळी आम्ही गॅरेजमध्ये बसलो, ती वीस काडतुसं उघडून पावडर काढून टाकायला. आई पहिल्यांदाच उंबरा ओलांडून आत आली आणि खोक्यावर बसली. नियमाचा कागद बाबांनी स्वतः काढला. मी प्रत्येक काडतूस मोठ्याने मोजत होते आणि बाबा प्रत्येकाला मोठ्याने उत्तर देत होते. एकोणीस झाली. विसावं नव्हतं. डोंगरावर कानाशी धरलेलं. ते जॅकेटच्या उजव्या खिशात टाकून चेन लावली, असं बाबा म्हणत होते, आणि चेन लावताना मी पाहिलं होतं. चेन बंद होती. खिशाला भोक नव्हतं. गाडी, बूट, पिशवी, सगळं शोधलं. बाबांनी पोलिसांना रीतसर कळवलं. ग्लिनने तो दगड आणि ती वाट तीनदा पालथी घातली. त्यानंतर तो जिवंत होता तोवर दर वर्षी बर्फ वितळलं की एकदा तिथे जाऊन बघायचा. नाही मिळालं.

ते यादीचं पान माझ्याकडे आहे. भरल्याच्या वीस खुणा, आणि शेजारच्या रकान्यात उघडल्याच्या एकोणीस. तांबं गंजत नाही, हिरवं पडतं. ते कुठेतरी त्या ओल्या काळ्या मातीत पडलं असेल, गच्च भरलेलं, कोणाकडे तरी तोंड करून.

बाबांना जाऊन आता चार वर्षं झाली. आई माझ्याकडे, ब्रॅकनेलला असते. कुकर लावला की ती अजूनही शिट्ट्या मोठ्याने मोजते. मी तिला थांबवत नाही. देव्हारा पुसायचं काम माझं, दर शनिवारी, यादीत चौथं. आई सकाळी पूजा करते, बाळकृष्णाला कुंकू लावते, फुलाला लावते, आणि मग फुलाच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर आणखी एक बोट टेकवते. लाकडावर तिथे लाल डाग पडला आहे. मी सगळं पुसते. तेवढा सोडून.